वाळूत लिहिलेली मुळाक्षरे

जून महिना उजाडला, पहिला पाऊस पडून गेला, की आमच्या वसईच्या गावांतून सकाळी चिमुकल्या मुलांची एक मिरवणूकच निघते. पाठीवर स्वतःपेक्षा मोठे दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली आणि डोळ्यांत अजून न संपलेली झोप. यंदा शेजारच्या घरातील साडेतीन वर्षांचा मुलगा प्रथमच ह्या मिरवणुकीत सामील झाला. पंधरा दिवसांनी त्याची आई वही घेऊन आमच्याकडे आली. वहीत इंग्रजी 'ए' अक्षर चार पाने आणि मराठी 'अ' दोन पाने लिहून आणावयाचे होते. मुलाच्या मुठीत पेन्सिल, त्या मुठीवर आईची मूठ, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी, असा प्रकार रोज रात्री चालला होता. "सर, तुमच्या वेळी कसं शिकवायचे?" असे तिने विचारले. प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही बरेच मागे, अगदी सोळाशे वर्षे मागे जाऊन पोहोचलो. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या वेळचे सांगावयाचे तर आम्ही अक्षरे शिकलो ती पितळेच्या परातीत. कळंबच्या किनाऱ्यावरून आणलेली बारीक वाळू आजी उन्हात वाळवी, चाळून परातीत पसरी, आणि दुपारी ओटीवर ती परात आमच्यापुढे व धाकट्या भावापुढे ठेवी. आजीला स्वतःला अक्षर येत नव्हते. त्यामुळे ती शिकवीत नसे, विचारीत असे. "आज शाळेत काय काढलंत? दाखवा बघू," असे ती म्हणे. आम्ही बोटाने 'ग' काढला की ती विचारी, "ह्याला काय म्हणायचं?" मग तीही आपल्या जाड, भात लावून राठ झालेल्या बोटाने तोच 'ग' शेजारी काढी. चुकले की परात हलवावयाची. वाळू सपाट आणि चूक नाहीशी. खोडरबराचा डाग नाही, फाटलेले पान नाही. ह्या परातीला इतिहास असेल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

हा इतिहास आपल्या ख्रिस्तसभेच्या एका थोर संतापासून सुरू करता येतो. संत जेरोम हे नाव घेतले की लॅटिन बायबल, बेथलेहेम येथील मठ आणि त्यांचा प्रसिद्ध तापट स्वभाव आठवतो. परंतु इ. स. 403 च्या सुमारास ह्याच तापट विद्वानाने रोममधील लेटा नावाच्या एका आईला पत्र लिहिले आहे. लेटाला पाउला नावाची मुलगी झाली होती आणि तिचे शिक्षण कसे करावे हा तिचा प्रश्न होता. जेरोम सांगतात की मुलीसाठी बॉक्सवुडच्या लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करवून घ्या, तिला ती खेळू द्या, आणि प्रत्येकीचे नाव सांगा. खेळ हाच अभ्यास होऊ द्या. अक्षरांचा क्रम गाण्यासारखा पाठ झाला एवढ्यावर थांबू नका. मधले अक्षर शेवटी, शेवटचे मध्ये अशी सरमिसळ करा, म्हणजे ती अक्षरे कानानेच नव्हे तर डोळ्यांनीही ओळखील. थरथरत्या हाताने ती लेखणी फिरवू लागली की तिच्या हातावर हात ठेवा, नाहीतर फळीत अक्षरे कोरून द्या, म्हणजे लेखणी खोबणीतून आपोआप फिरेल. शब्द जुळविला की बक्षीस द्या. आणि मुख्य म्हणजे तिला अभ्यासाचा वीट येऊ देऊ नका, कारण लहानपणी बसलेली अढी मोठेपणीही सुटत नाही.

यातील बरेचसे जेरोमचे स्वतःचे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या तीनशे वर्षे आधी क्विंटिलियन ह्या रोमन शिक्षकाने वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथात हस्तिदंताची अक्षरे आणि कोरलेली फळी ह्यांचा पुरस्कार केला होता. अक्षराचे रूप ओळखण्यापूर्वी त्यांची नावे व क्रम घोकून घेण्याच्या पद्धतीवर त्यानेच टीका केली होती. जेरोमनी ते उचलले, आणि त्यात आपली माया ओतली. पत्राच्या अखेरीस ते लिहितात की मुलीला बेथलेहेमला पाठवा, मी म्हातारा तिला खांद्यावर घेईन, तिच्या बोबड्या शब्दांना वळण लावीन. अलेक्झांडरला शिकविणाऱ्या अॅरिस्टॉटलपेक्षा माझा मान मोठा ठरेल. ज्यांच्या लेखणीला भलेभले धर्मपंडित वचकून असत, त्यांचे हे रूप आम्हांला फार भावले.

पुढे युरोपातील कॅथलिक घरांत मुलांच्या हाती जी अक्षरांची पाटी येई तिच्या पहिल्या ओळीच्या आरंभी क्रूसाचे चिन्ह असे. मूल आधी क्रूसाची खूण करी आणि मग पहिले अक्षर म्हणे. इटलीत अशा पाटीला 'सांताक्रोचे', म्हणजे पवित्र क्रूस, असेच नाव पडले होते. अक्षरांखालोखाल 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना असावयाची. पोर्तुगीजांची 'कार्तिल्या' ह्याच धाटणीची. अक्षरे आणि प्रार्थना एकाच पुस्तकात. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुलगा प्रथम 'ओनामा सीधं' म्हणे. 'ॐ नमः सिद्धम्' ह्या वंदनाचे मुलांच्या तोंडी झालेले हे रूप. 'श्रीगणेशा करणे' हा वाक्प्रचार तर आपण ख्रिस्ती लोकही बिनदिक्कत वापरतो. देवाचे नाव घेतल्याशिवाय अक्षराला हात लावावयाचा नाही, ही समजूत भूमध्य समुद्रापासून कोकणपट्टीपर्यंत सारखीच दिसते.

ह्या दोन मुलुखांची गाठ एका माणसाने प्रत्यक्ष घालून दिली आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा एक सरदारपुत्र. पवित्र भूमीची यात्रा करून तो पूर्वेकडे हिंडत राहिला, वाटेत त्याची पत्नी वारली, तिचे शव बरोबर घेऊन तो आपल्या देशात आला आणि पुढे ते त्याने रोममध्ये नेऊन पुरले. असा हा विलक्षण प्रवासी. 1623 साली गोव्याच्या पोर्तुगीज वकिलाबरोबर तो कर्नाटकातील इक्केरी येथील नायकाच्या दरबारी गेला. तेथे एका देवळाच्या ओसरीत चार मुले अंकगणित शिकताना त्याला दिसली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एक मुलगा आपला धडा सुरात म्हणे आणि म्हणता म्हणता बोटाने वाळूत लिही. बाकीचे त्याच्यामागोमाग तेच म्हणत आणि तेच लिहीत. जमीन भरली की पुसून नवी वाळू पसरीत. कागद वाया जाऊ नये म्हणून ही योजना. गुरुजी कोठे आहेत, असे त्याने विचारले. गुरुजींची जरूर नाही, एक विसरला तर दुसरा सांगतो, असे मुलांनी उत्तर दिले. देल्ला व्हाल्लेला हे इतके पटले की त्याने ते सविस्तर पत्रात लिहून ठेवले. त्याची ही पत्रे पुढे छापली गेली, परंतु शिक्षणाच्या दृष्टीने ती त्या काळी कोणी वाचलेली दिसत नाहीत.

महाराष्ट्रात हीच वाळू धूळपाटीवर होती. लाकडी फळीवर विटकरीची किंवा मातीची बारीक धूळ पसरावयाची, आणि बोटाने अथवा लाकडी काडीने अक्षर काढावयाचे. 'धुळाक्षरे' हा शब्द तेथूनच आला. धुळाक्षरे वळणदार झाल्यावर बोरू आणि शाई हाती येई. पंतोजींच्या ह्या शाळेविषयी उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. छडी, अंगठे धरून ओणवे उभे राहणे, पावकी-निमकीची न संपणारी घोकंपट्टी हेही तेथे होतेच. शिवाय त्या ओसरीत बसावयास मिळे ते बहुतेक ब्राह्मणांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मुलग्यांना. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले बाहेर. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले गेले, ह्यावरून अक्षरांची मालकी किती घट्ट मुठीत धरलेली होती ते दिसते. धूळ सर्वांच्या पायाखाली होती, तिच्यावर लिहिण्याचा हक्क मात्र थोड्यांचा होता.

इक्केरीच्या ओसरीनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी त्याच दक्षिण हिंदुस्थानात दुसऱ्या एका युरोपियनाने वाळूत लिहिणारी मुले पाहिली. अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला अँग्लिकन धर्मोपदेशक. 1789 साली मद्रासच्या एग्मोर भागातील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाची देखरेख त्याच्याकडे आली. ही मुले बहुतेक गोऱ्या शिपायांची आणि देशी स्त्रियांची. त्यांना अक्षर ओळखता ओळखत नव्हते आणि मास्तर मेटाकुटीस आले होते. एके दिवशी घोड्यावरून जाताना बेलला एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. त्याने आश्रमात येऊन तोच हुकूम सोडला. मास्तरांना तो पोरखेळ वाटला आणि त्यांनी टाळाटाळ केली. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्कन नावाच्या, सुमारे आठ वर्षांच्या, एका शिपायाच्या मुलाला बोलाविले आणि सर्वांत खालचा वर्ग त्याच्या हवाली केला. मास्तरांना न जमलेले त्या पोराला जमले. मायदेशी परतल्यावर 1797 साली बेलने लंडनमध्ये ह्या प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केले.

येथून ह्या कथेला जे वळण लागले ते आम्हांला खेदाचे वाटते. लंडनच्या सदर्क भागात जोसेफ लँकेस्टर हा क्वेकर पंथाचा तरुण गरीब मुलांची शाळा चालवीत होता. त्यानेही वाळूची मेजे करविली. काळ्या रंगाच्या फळीवर पांढरी वाळू, तिला चारी बाजूंनी पट्टी, आणि ती सपाट करावयाला एक साधन. अक्षरेही त्याने आकारावरून लावली. आधी सरळ रेघांची, मग कोनांची, मग गोलाईची. ही योजना शहाणपणाची होती यात शंका नाही. परंतु लँकेस्टरला आणि त्याच्या आश्रयदात्यांना मोह पडला तो स्वस्ताईचा. वरच्या वर्गातील मुलांनी खालच्यांना शिकवावयाचे आणि एका मास्तराने हजार मुले सांभाळावयाची, असा त्याचा दावा होता. प्रत्येक गोष्ट हुकुमावर. हात वर, बोट खाली, अक्षर काढा, पुसा. छडी त्याने वर्ज्य केली, पण उनाड मुलाला टोपलीत घालून छताला टांगण्याची शिक्षा त्याला सुचली. इक्केरीच्या ओसरीत चार मुले आपापसांत विसरलेले आठवून देत होती. सदर्कच्या दालनात तीच वाळू कवायतीचे मैदान झाली. ह्यात दोष वाळूचा नव्हता.

ही पद्धत इंग्लंडहून पुन्हा हिंदुस्थानात आली. 1818 साली पेशवाई गेली, एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत 1822 साली मुंबईत देशी शाळांसाठी पुस्तके व शिक्षक पुरविणारी मंडळी स्थापन झाली, आणि तिच्या शाळांतून लँकेस्टरच्या धर्तीची पद्धत अवलंबिली गेली. ज्या देशातून वाळू गेली त्याच देशाला ती 'नवी विलायती पद्धत' म्हणून परत मिळाली! पुढे पाटी-पेन्सिल आली, छापील अंकलिपी आली, आणि धूळपाटी हळूहळू माळ्यावर गेली.

मराठीने मात्र आपल्यापुरती एक सुंदर तोड काढली. आपली वर्णमाला ध्वनीच्या क्रमाने लावलेली आहे. कंठापासून ओठांपर्यंत, 'क'पासून 'म'पर्यंत जीभ कशी पुढे सरकते ते पाहावे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्याहून नीटस मांडणी सापडणार नाही. पण जिभेला जे सोपे ते हाताला सोपे असेलच असे नाही. 'क' हे पहिले व्यंजन, आणि ते काढावयाला लहान मुलाला किती कठीण! मध्ये दांडा, डावीकडे पोट, उजवीकडे शेपूट. म्हणून आपल्या शिक्षकांनी 'ग म भ न' असा हाताचा क्रम लावला. एक उभा दांडा आणि त्याला चिकटलेली छोटी गाठ. 'ग' आला की 'म' अर्धा आलाच, 'म' आला की 'भ'. मग 'त' नि 'ल', मग 'व', 'ब', 'क'. 'गमभन' हा शब्दच मराठीत 'प्रारंभ' ह्या अर्थी रूढ झाला, ही त्या क्रमाची पावती होय. जेरोमनी जी सरमिसळ करावयास सांगितली होती ती येथे आकाराच्या नात्याने झाली.

आपल्या लिपीचा पसारा किती मोठा आहे ह्याची कल्पना एका येशूसंघीय धर्मगुरूच्या अडचणीवरून येते. 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स ह्यांना हा मराठी ग्रंथ देशी अक्षरांत छापावयाची इच्छा होती. 1608 साली रोमला आपल्या संघप्रमुखांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी तशी परवानगी मागितली. अडचण होती ती खिळ्यांच्या संख्येची. युरोपात चोवीस अक्षरांत भागते, येथे सहाशे साचे लागतात. अखेर 1616 साली ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. देवनागरी छपाईत 'ख्रिस्तपुराण' यावयास 1956 साल उजाडावे लागले. छापखान्याला जे सहाशे वाटले ते मुलाला मात्र तितके नसतात, कारण मूल काना, मात्रा, वेलांटी, उकार वेगळे ओळखते आणि एकदा किल्ली सापडली की ती सर्व कुलपांना लावीत सुटते.

ही किल्ली हाताच्या द्वारे मुलाला द्यावयाची, हे शास्त्रशुद्ध रीतीने दाखवून दिले ते इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी. 1870 साली जन्मलेल्या, 1896 साली रोममध्ये डॉक्टर झालेल्या ह्या कॅथलिक बाईंनी आधी मतिमंद मुलांसाठी काम केले. फ्रेंच डॉक्टर सेग्याँ ह्यांच्या पुस्तकांवरून त्यांनी लाकडाची मोठी अक्षरे करविली. स्वरांना लाल रंग, व्यंजनांना निळा. ती मुले त्यांच्यावरून बोटे फिरवून लिहावयास शिकली आणि परीक्षेस बसून उत्तीर्ण झाली. तेव्हा बाईंना प्रश्न पडला की ही मुले एवढे करतात, तर आमच्या शाळांतील धडधाकट मुलांचे आम्ही काय करून ठेवले आहे?

6 जानेवारी 1907, तीन राजांचा सण. त्या दिवशी रोमच्या सान लोरेन्झो ह्या मजुरांच्या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. तीन ते सहा-सात वर्षांची पन्नासेक मुले. एवढ्या लहान मुलांना लिहावयास शिकविण्याचा बाईंचा मुळीच विचार नव्हता. आग्रह धरला तो मुलांच्या आयांनी. त्यांतील कितीतरी जणी स्वतः निरक्षर होत्या. लाकडी अक्षरे करून देणारा कारागीर मिळेना, म्हणून बाईंनी कागदाची अक्षरे कापली. मग त्यांना सुचले की सुतार लाकूड घासावयाला वापरतो तो खरखरीत कागद, ज्याला आपल्याकडे पॉलिशपेपर म्हणतात, त्यातून अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवावीत. मुलाने डोळे मिटले तरी बोट अक्षराची वाट सोडणार नाही. पुठ्ठा गुळगुळीत लागला की वाट चुकली हे बोटालाच कळेल. बोट फिरवताना अक्षराचे नाव नव्हे, ध्वनी उच्चारावयाचा. दुसरीकडे मुले रंगीत पेन्सिलींनी निरनिराळ्या आकृत्यांच्या आत रेघा भरीत. तिसरीकडे सुटी अक्षरे जुळवून शब्द मांडीत. लिहिणे असे अजून कोणी केलेच नव्हते.

डिसेंबरातील एका उन्हाच्या दिवशी बाई मुलांबरोबर गच्चीवर होत्या. पाच वर्षांच्या एका मुलाच्या हाती खडू देऊन त्यांनी त्याला समोरच्या धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. त्याने काढले, शाबासकी मिळाली. तो क्षणभर बाईंकडे बघत राहिला, आणि एकदम आपल्याला लिहिता येते म्हणून ओरडत त्याने फरशीवर लिहिले, 'मानो', म्हणजे हात. मग 'कामिनो', धुराडे. मग 'तेत्तो', छप्पर. त्याचा ओरडा ऐकून इतर मुले धावली, आणि त्यांच्यातील काहींनी पहिल्यानेच खडू हाती धरून शब्द लिहिले. पुढचे काही दिवस मुलांनी फरशी, दारे, भिंती काही सोडले नाही. घरी पावाच्या कवचावरही लिहू लागल्यावर आयांनी कागद-पेन्सिली आणून दिल्या. आणि नवल असे की ही मुले लिहू लागली तेव्हा त्यांना वाचता येत नव्हते. वाचन काही आठवड्यांनी आले. त्या मुलाने पहिला शब्द 'हात' लिहावा, ह्याला योगायोग म्हणावे की काय, हे आम्ही वाचकांवर सोपवितो.

रोममधील धर्मभगिनींनीही हे काम लवकरच उचलले. 1908 च्या मेसिना भूकंपात अनाथ झालेल्या मुलांसाठी फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी ह्या संघाच्या मठात माँटेसरी वर्ग सुरू झाले. 1939 च्या नोव्हेंबरात डॉ. माँटेसरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासला, अड्यार येथे आल्या आणि सुमारे तीनशे शिक्षकांचा वर्ग त्यांनी घेतला. पुढील वर्षी इटली महायुद्धात उतरली. मुलगा मारिओ ह्याला अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले गेले आणि बाईंवर अड्यार न सोडण्याचे बंधन आले. 31 ऑगस्ट 1940 रोजी बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी मारिओची सुटका झाली. 1946 पर्यंत त्या येथेच राहिल्या. बेलने ज्या मद्रासमधून वाळू नेली, तेथेच दीडशे वर्षांनी वाळूचा कागद घेऊन ही रोमची बाई आली.

परंतु महाराष्ट्राला ही वाट त्यापूर्वीच सापडली होती. गिजुभाई बधेका ह्यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांना मिळालेल्या सहकारी म्हणजे मुंबईच्या ताराबाई मोडक. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 1936 साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला. आणि 1945 साली त्या शहर सोडून आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यातील बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची साधने महाग होती. ह्या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती गोळा केली. दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. 1975 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या बालविकास योजनेने तो देशभर नेला. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ज्यांच्या मुठीतून अक्षरे शतकानुशतके निसटली होती त्यांच्या अंगणात ती शिंपल्यांच्या रूपाने गेली, हे आम्हांला सान लोरेन्झोच्या गच्चीइतकेच मोठे वाटते. वसईहून बोर्डी काही फार दूर नाही, पण आमच्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे?

माँटेसरीबाईंची इटालियन भाषा आणि आपली मराठी ह्यांच्यात एक साम्य आहे. जसे बोलावे तसे बहुतांशी लिहावे. 'म' ह्या अक्षराचे नाव आणि आवाज एकच. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला 'बी' हे नाव आणि 'ब' हा आवाज दोन्ही वेगळे सांभाळावे लागतात, आणि वर स्पेलिंगचा जाच. तीन वर्षांच्या मुलावर दोन्ही लिप्या एकदम लादणे आम्हांला म्हणूनच अन्यायाचे वाटते. मराठीच्याही खोड्या आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि ऐकू मात्र नंतर येते. हुशार मूलही तेथे अडखळते आणि त्यात त्याची चूक नसते. पण काना लावला की 'म'चा 'मा' होतो, 'ग'चा 'गा' होतो, हे एका दुपारी कळले की पोर घरभर काने लावीत सुटते.

गिरवून घेण्याविषयीही नव्या संशोधनाने विचार करावयास लाविले आहे. 2012 साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी अजून वाचता न येणाऱ्या, सुमारे पाच वर्षांच्या मुलांना अक्षरे तीन प्रकारे दिली. काहींनी ती स्वतःच्या हाताने काढली, काहींनी ठिपक्यांवरून गिरवली, काहींनी यंत्राची कळ दाबून उमटविली. मग तीच अक्षरे पाहताना मुलांच्या मेंदूची चित्रे घेतली. वाचनाच्या वेळी जागा होणारा मेंदूचा भाग स्वतःच्या हाताने काढलेल्या अक्षरांना पाहून सर्वांत अधिक जागा झाला. मुलाचे वेडेवाकडे अक्षर हेच त्याला अक्षर ओळखावयास शिकविते, असा त्याचा अर्थ होतो. चार पाने ठिपके गिरविण्यापेक्षा परातीत स्वतः काढलेला आणि पुसलेला एक वाकडा 'ग' बरा, हे आमच्या आजीला कोणी सांगितले होते?

आमचा धाकटा भाऊ डावखुरा. परातीत तो डाव्या बोटाने लिही आणि आजीने त्याला कधी टोकले नाही. शाळेत गेल्यावर एका शिक्षकाने पट्टीने त्याची डावी बोटे सोलून काढली आणि पेन्सिल उजव्या हातात दिली. तो गणितात पुढे आला, गिरणीत मोठ्या हुद्द्यावर गेला, परंतु आयुष्यभर त्याने घरी पत्र लिहिले नाही, निरोप पाठवी. संत जेरोमनी ज्या अढीविषयी लेटाला बजावले होते ती ही. आजीने मात्र आमच्या शेजारी बसून तीन पावसाळ्यांत मुळाक्षरे पुरी केली. बाराखडीचा तिला कंटाळा होता. आत्याच्या लग्नात देवळातील नोंदवहीत साक्षीदार म्हणून तिला अंगठा उठवावयास सांगितले, तेव्हा तिने शाईचा डबा बाजूला सारून टाक मागितला आणि काना, मात्रा वगळून आपले नाव लिहिले. धर्मगुरूंनी काही न बोलता ते तसेच ठेवले.

शेजारच्या आईला आम्ही ह्यातील थोडेबहुत सांगितले. बाजारातून पॉलिशपेपर आणून तिने अक्षरे कापली आहेत; कात्री बोथट झाली, अशी तक्रार आहे. शाळेत जाऊन ती बाईंशी बोलणार आहे. वही बंद होईल की नाही, ते सांगता येत नाही. आमची परात माळ्यावर होती. ती चिंचेने घासून घेतली, वाळू चाळून भरली आणि त्या मुलापुढे ठेवली. तो बराच वेळ नुसता हात फिरवीत बसला. मग एका बोटाने त्याने 'ट' काढला. तो उलटा होता. परात हलवावयाची असते हे त्याला सांगावे लागले नाही.